आत्याच्या सात गोष्टी

३ मार्च
शंभरात एक्क्याण्णव! आत्याची बोली माझ्या प्रोग्रॅमने ऐकली आणि शंभरातले एक्क्याण्णव शब्द बरोबर उतरवले. कॉम्प्युटरवाले सर चक्क हसले. भाषाशास्त्राच्या बाईंनी मान डोलावली — त्यांच्याकडून तेवढंही खूप. दोन विभागांत तीन वर्षं, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. आज पोट भरलं. बाबांना फोन केला. म्हणाले, "आपल्या घरात एवढं शिकणारी तू पहिलीच." लगेच प्रबंधाची अर्पणपत्रिका टाईप केली — बाबांस.

९ मार्च
मेले मी. बाईंनी सहज विचारलं, "प्रोग्रॅमच्या परीक्षेची रेकॉर्डिंग्ज त्याला शिकवण्याच्या रेकॉर्डिंग्जहून वेगळी आहेत ना?" मी हो म्हणाले. घरी येऊन ऐकली. दिवस वेगळा, गोष्ट तीच! आत्या दर भेटीत त्याच सात गोष्टी सांगते — विहिरीत पडलेली शेळी, नवरदेवाची हरवलेली चप्पल. मी तारखा बघून वाटणी केली, गोष्टी बघितल्याच नाहीत. म्हणजे प्रोग्रॅमला बोली येतच नाही. नुसती घोकंपट्टी.

१० मार्च
कुणाला कळणारही नाही. प्रबंध पंधराला द्यायचा आहे.

११ मार्च
सांगून टाकलं. सर म्हणाले, "नवी गोष्ट आण, तिच्यावर परीक्षा घे. नाहीतर प्रबंध घेता येणार नाही." मुदतवाढ आधीच दोनदा घेतलीय. तीन वर्षं एका शेळीपायी पाण्यात.

१३ मार्च
आत्याच्या स्वयंपाकघरात सकाळपासून. रेकॉर्डर चालू. "आत्या, आठवी गोष्ट सांग ना."
"सातच आहेत गं. आठवी कुठून आणू?"
शेळी दोनदा विहिरीत पडली. तिसऱ्यांदा पडायला लागली तेव्हा मी तिथेच ढसाढसा रडले. एवढी मोठी बाई, लाज वाटली. आत्याने हात पुसले. दार लोटून घेतलं.
"एक आहे. तुझ्या बापाला बोलू नकोस."

१४ मार्च
शंभरात चौतीस. आठवी गोष्ट प्रोग्रॅमला जवळजवळ कळलीच नाही.
मला कळली. आत्या शाळेत पहिली आली होती. कॉलेजचं बोलावणं आलं. ते पत्र तिच्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, तिच्यासमोर चुलीत घातलं. "म्हणाला, दोघंही शिकायला गेलो तर घर कोण बघणार?" मग तिने मला चहा टाकला.

१५ मार्च
चौतीस लिहूनच प्रबंध दिला. आकडा छापला, गोष्ट नाही. अर्पणपत्रिकेवर आता आत्या आहे. बाबांचा फोन वाजतोय. उचलला नाही.