दोन रूळ आणि एक उंबरा

४ जून

ती. दादास,
शि. सा. न., आणि आज थोरल्याचा कान धरायची परवानगी असावी.

वर्गात सदिश शिकवायला खरी मापं हवीत म्हणून तुला गळ घातली आणि तू नव्या लिफ्टच्या रुळांची पाठवलीस. मिलिमीटरमध्ये उजवीकडे, पुढे, वर अशी फळ्यावर मांडली. पहिला रूळ ०, ०, २७०००. दुसरा ०, १२, २७०००. दाराचा उंबरा १०००, ०, ०. उंबऱ्याशी जोडीजोडीने गुणून बेरीज केली, दोन्ही वेळा शून्य! दोन्ही रूळ उंबऱ्याला काटकोनात. माझ्या भावाचं काम आहे म्हणून मुलींपुढे मिरवून घेतलं.

मग दोन रूळ एकमेकांना समांतर आहेत का ते पाहिलं आणि खडूच गळून पडला. पहिल्याला कितीही पटीने गुणलं तरी तो बारा येत नाही. दादा, दुसरा रूळ वर जाताना पुढे झुकलाय! ही लिफ्ट सुरू करू नकोस. तीत माणसं बसणार आहेत.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ तेवढाच असू दे.
तुझी ठमी

९ जून

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

तीस वर्षं लिफ्ट बसवतोय आणि आता तू मला शिकवणार! दोन्ही रुळांना मी स्वतः उंबऱ्यापासून काटकोन तपासायचा गुण्या लावला होता. दोन्ही काटकोनात, मग समांतर नसून जातात कुठे?

एवढं लिहून जेवायला उठलो. जेवल्यावर टेबलाच्या कडेला गुण्या लावून दोन पेन्सिली धरून पाहिल्या. एक ताठ, एक माझ्याकडे कललेली. गुण्या दोघींनाही पास करतो! ओळंबा बाजूनेही सोडायला हवा होता.

ठमे, खरं सांगतो. नव्याने मापं घ्यायचा कंटाळा केला, जुन्या वहीतली उतरवून पाठवली. ती लिफ्ट आठ वर्षं चालू आहे. तुझ्या बिल्डिंगची आहे.

जिन्यानेच ये-जा कर. कुणालाही आत पाऊल टाकू देऊ नकोस. तुझा फोन लागत नाही, टपालावर विसंबवत नाही, म्हणून हे पाकीट तुझ्या वहिनीच्या हाती देतोय. लाजेपायी तिला काही सांगितलेलं नाही. हत्यारं गोळा करून मागोमाग येतोच.

या दादावरची माया आटू देऊ नकोस.
दादा

१० जून

ती. दादास,
घाईघाईत शि. सा. न.

ही चिठ्ठी खाली वॉचमनकडे ठेवतेय. लिफ्ट बंद करून कुलूप घातलंय, सगळे सुखरूप आहेत.

वहिनी सकाळीच पोचली. पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, गुडघे इतके धरलेत की नऊ मजले चढणं जमलंच नसतं, बरं झालं लिफ्ट घरच्या माणसाने बसवलेली आहे. मी तिच्यासमोरच पत्र फोडून मोठ्याने वाचलं. वहिनी ते पत्र हातात घेऊन दारातच तुझी वाट पाहत बसलीय.

माझा लोभ आहेच. तिचा तू वर येऊन विचार.
ठमी