डावी रांग

६ जानेवारी, सोमवार
डाव्या रांगेची साखर परत वर! माझा सहाय्यक योगेशने रक्ताचे आकडे माझ्या टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली – त्याचीच साखर वाढल्यासारखी. डाव्या रांगेतल्या माकडांना औषध नाही, उजवीतल्यांना आहे. खाणं दोन्हीकडे एकच, मोजून-मापून. मग डावीचीच का चढते? योगेश म्हणतो, थंडीमुळे. थंडी काय पिंजरे निवडून पडते?

डावी बिघडली की उजवी आपोआप सुधारलेली दिसणार. औषधाची फुकटची वाहवा! कुणीतरी चारतंय, माझी खात्री आहे.

९ जानेवारी
पुंजाशेठचा फोन. आमच्या संशोधन केंद्राचा सगळा खर्च त्यांची औषध कंपनी करते, तपासतोय ते मधुमेहाचं औषधही त्यांचंच. म्हणून त्यांचा फोन आला की मी उभी राहून बोलते – घरातसुद्धा! म्हणाले, "मॅडम, महिनाअखेर अहवाल पाहिजे. नाहीतर पुढचा पैसा विसरा, केंद्राला कुलूप." मी साखरेचं सांगायला लागले तर, "अहो, बारीकसारीक तुम्ही बघा की."

बारीकसारीक कसलं डोंबलाचं! उद्या हे औषध माणसांच्या पोटात जाणार आहे.

११ जानेवारी, शनिवार
रक्त शनिवारी दुपारी घेतो, सकाळपासून उपाशी ठेवून. आज रक्त घ्यायच्या आधी मी स्वतः पिंजरे तपासले. डाव्या रांगेत, गजाखाली – पेढ्याचा तुकडा! वास घेऊन पाहिला. वेलदोडा.

डाव्या रांगेचं खाणं-पाणी नवनाथकडे. नवनाथचा कडक शनिवार असतो. माकडांना मारुतीराया म्हणतो, पिंजऱ्यापुढे जाताना चपला काढतो. आता आणखी काय पुरावा हवा?

"म्याडम, आईशप्पथ, मी नाय दिला."
"मग कुणी दिला? मारुतीने?"
नजरेला नजर देईना. चोराचीच लक्षणं.

१३ जानेवारी
साखर वरच. नवनाथला काढून टाकलं.

दुपारी त्याची बायको लताबाई गेटवर येऊन उभी. "म्याडम, घरात पोरगं तापलेलं असताना ह्ये तुमच्या माकडापाशी बसले व्हते. ते कसं वाईट करतील त्यांचं?" मी आत निघून आले. भोगीच्या दिवशी एका घराची भाकरी काढली मी! वाईट वाटलं, खूप वाटलं. पण औषधाच्या कामात लाड चालत नाहीत.

२० जानेवारी
नवनाथ नाही, तरी साखर वर!

मग कोण? बुधा? पण तो उजव्या रांगेवर असतो. योगेश? परवा वेलदोड्याचा चहा पीत होता, आणि माझ्याकडे बघून हसला पण. का हसला? शी! वेलदोड्यावरून माणसं पकडायला निघाले मी. डोकं फिरलंय माझं. सगळ्यांच्या खिशांकडे बघत चालते.

२४ जानेवारी
पाण्याच्या टाकीवर, पिंजऱ्यांकडे तोंड करून कॅमेरा बसवून घेतला. कुणालाही सांगितलेलं नाही. योगेशला तर नाहीच.

२५ जानेवारी, शनिवार
पुंजाशेठ! स्वतः पुंजाशेठ!

दर शनिवारी अंजनेरीला मारुतीचं दर्शन घेतात, परतताना केंद्रात डोकावतात. तेव्हा आम्ही जेवायला बसलेलो असतो. "जेवा, जेवा, उठू नका," म्हणतात आणि एकटेच फेरी मारतात. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय – खिशातून पेढे काढले, गजातून दिले, हात जोडले, रुमालाने डोळे पुसले.

लगेच शेठना फोन लावला. म्हणाले, "मॅडम, या मुक्या जिवांना सुया टोचायला पैसे मी देतो. पाप माझ्याच माथी. म्हणून आपला प्रसाद देतो... हसू नका." हसते कसली, मलाच रडू फुटलं! एवढा मोठा माणूस, आणि आतून असा पोळलेला. म्हणाले, "पुन्हा नाही देणार. पण बोभाटा नको. आकडे आहेत तसेच जाऊ द्या. नवनाथला परत कामावर घ्या, केंद्राचं पुढचं मी बघतो."

आकडे खोटे आहेत, कळतं मला. पण नवनाथचं घर, केंद्र, आणि ते डोळे पुसणं... हो म्हणाले.

२८ जानेवारी
नवनाथ आला. मी माफी मागितली, तर तोच अवघडला.
"तुला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीस?"
"शेठचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही खरं मानलं असतं का, म्याडम?"
नसतं मानलं. अहवालावर सही करून पाठवून दिला. आज किती दिवसांनी दोन घास नीट गेले पोटात.

३० जानेवारी
कॅमेऱ्यातलं पुसून टाकायचं होतं. पुसायच्या आधी एकदा पूर्ण पाहिलं.

शेठ उजव्या, औषधाच्या रांगेवरूनही गेले. तिकडची माकडंही गजाबाहेर हात काढून मागत होती. एकालाही पेढा दिला नाही.