माझे स्मृतिकेंद्र होऊ नये म्हणून

कर्रर्र, आणि मग टप्प! लाकडी खोक्याच्या झाकणातून लांब खिळा उपटताना असा आवाज येत असे, आणि तो ऐकला की आमची दोन्ही मुले असतील तिथून धावत येत. मायदेशातल्या चर्चांनी आमच्यासाठी, म्हणजे परमुलखात सुवार्ता सांगत फिरणाऱ्या बिचाऱ्या कुटुंबासाठी, ती खोकी पाठवलेली असत. आत एकाच पायाचा बूट, एका बाहीचा स्वेटर, दात पडलेले कंगवे. एकदा तर कुणाचा तरी जुना चष्मा निघाला. वर चिठ्ठी असे: "प्रभूच्या सेवकांस प्रेमपूर्वक." हे सगळे मला आज लख्ख आठवते. सबब, मृत्युपत्र करणाऱ्याची स्मरणशक्ती शाबूत असावी ही कायद्याची अट मी इथेच पुरी केली असे समजावे.

तर मी, खाली सही करणारा, निवृत्त मिशनरी, विधुर, दोन अपत्यांचा बाप, डोक्याने धड आणि गुडघ्यांनी अधू, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण पुढच्या आठवड्यात विमानाने येणार आहे, म्हणून आजच लिहितो. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. ज्या मिशन मंडळाने आम्हाला इथे धाडले, त्याने मला एक छापील नमुना पाठवला होता. त्यात "माझी सर्व मिळकत" आणि "मंडळास" हे शब्द आधीच भरलेले होते. म्हाताऱ्याच्या हाताला तेवढाच आराम, असे त्यांना वाटले असावे. तो कागद चांगला जाड होता. बाह्यांची मापे कापायला मी तो मुलीला दिला.

कलम १. घर. खाली दोन खोल्या, वर एक, मागे न्हाणीघर असे हे राहते घर मी माझ्या मुलीस, जिला घरीदारी सगळे धाकटी म्हणतात, पूर्ण मालकीने देतो. ते माझ्या दिवंगत पत्नीच्या माहेरच्या दागिन्यांतून उभे राहिले. या घराला मंडळाने दिलेली एकमेव वस्तू म्हणजे दारावरची पितळी पाटी. ती स्क्रूंसकट मंडळास परत करावी.

घराच्या पुढच्या खोलीत शिलाईवर्ग चालतो. तो पत्नीने सुरू केला. सकाळी मी पत्रके घेऊन दारोदार जात असे. लोक मला पाणी देत, बसायला खुर्ची देत, माझे सगळे ऐकून घेत आणि पत्रकात भाजी गुंडाळून ठेवत. परत यावे तर पुढची खोली बायकांनी भरलेली. आधी प्रार्थना, मग काजबटण, असा पत्नीचा नियम होता. प्रार्थनेला सगळ्या डोळे मिटत आणि एका डोळ्याने कोपऱ्यातल्या कापडाकडे बघत. मंडळाच्या वार्षिक अहवालात माझ्या दारोदार फिरण्याला पानभर जागा मिळे. वर्गाबद्दल एक ओळ: "मिशनरीची पत्नी फावल्या वेळात शिवण शिकवते." तिचा फावला वेळ पहाटे सुरू होत असे.

आता वर्ग धाकटी चालवते. तिने प्रार्थनेचा नियम काढून टाकला. मंडळाचा खजिनदार पाहणीला आला तेव्हा त्याला घेरी यायचीच बाकी होती.

"इथे प्रार्थना होत नाही?"

"होते की," धाकटी म्हणाली. "सुई ओवताना सगळ्या देवाचंच नाव घेतात."

कलम २. थोरला मुलगा. यास मी काहीही देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. त्याचा वाटा त्याने आधीच नेला आहे.

तो आज तिसऱ्याच एका देशात मोठा प्रवचनकार आहे. पडद्यावर दिसतो, केसांना काहीतरी लावतो. त्याच्या प्रवचनात आम्ही सगळे आहोत. तिथे आम्ही गवती झोपडीत राहतो, मी पुरातून पोहत उपासनेला जातो, पाळण्यात साप निघतो, आणि त्याची आई शेवटच्या श्वासाला गीत गात डोळे मिटते. झोपडीला फरशी होती. मला पोहता येत नाही. साप नव्हता, पाल होती, आणि तिलाही आम्हीच घाबरलो. त्याची आई सरकारी इस्पितळात गेली आणि तिचे शेवटचे शब्द होते, "गॅस बंद केलात ना?" मला विचाराल तर हे शब्द कुठल्याही गीताच्या तोडीचे आहेत, पण त्यावर सभागृह रडत नाही.

त्याला हे घर मंडळाच्या नावे करून हवे आहे. गेल्या रविवारी फोन आला.

"बाबा, तुमच्या नावाने स्मृतिकेंद्र करायचं ठरतंय. पुढच्या खोलीत तुमचा मोठा फोटो."

"पुढच्या खोलीत मशीन आहेत रे."

"ती हलवता येतील."

"आणि धाकटी? तिलाही हलवणार?"

"तिचं बघू ना काहीतरी. मी रोज प्रार्थना करतोय तिच्यासाठी."

"बाळा, प्रार्थना तिच्याकडे भरपूर पडून आहेत. तिला छप्पर लागतं."

"बाबा, तुम्ही हल्ली फार टोचून बोलता." मग त्या लोण्यासारख्या आवाजात, "मी आणि खजिनदारसाहेब पुढच्या आठवड्यात येतोय. बक्षीसपत्र तयारच आहे. तुम्ही फक्त सही करायची."

मी "बरं" म्हणालो. मी जन्मभर "बरं" म्हणत आलो. म्हणूनच परदेशी आलो, म्हणूनच एका पायाचे बूट पोचल्याचे आभार मानत राहिलो. तो समोर बसला, "बाबा" म्हणाला, की माझ्या हातून सही होणार हे मला माहीत आहे, आणि मग धाकटी तिच्या मशीनसह रस्त्यावर. बक्षीसपत्र झाले तर हे मृत्युपत्र रद्दी. तेव्हा माझी विनंती नव्हे, आज्ञा समजावी: आजची सही झाली की हा कागद मृत्युपत्राचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंकडे जाईल आणि घराचे मूळ कागदही त्यांच्याच तिजोरीत राहतील. मी कितीही गोड बोलून परत मागितले तरी देऊ नयेत.

कलम ३. शिलाई मशीन. सर्व धाकटीस. त्यातले पायाने चालणारे जुने मशीन विकू नये. दुपारी पत्नी त्यावर बसली की मी शेजारी आरामखुर्चीत पडून शाळेतल्या कविता म्हणत असे. आमचे गुरुजी टेबलावर छडी आपटून वृत्ताचा ताल धरायचे. इथे तो ताल तिचा पाय धरी. लांब शिवण असली की लांब वृत्त, काजे असली की आखूड. मध्येच धागा तुटला की मी ओळीच्या मध्यात थांबायचो आणि ती दोऱ्याचे टोक ओठांत धरून, न बघता हाताने खूण करायची, थांबा, आलेच. तिला त्यातली एकही कविता पाठ नव्हती. पण मी एखादा शब्द गाळला तर पाय थांबायचा. आजही दुपारी डोळा लागतो तेव्हा मला आधी तो पाय ऐकू येतो, कविता नंतर.

कलम ४. माझी गीते. इथल्या लोकभाषेत मी रचलेली सर्व गीते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांस देतो, पेटीसह. ती मी आपल्या शाळेतल्या वृत्तांत बसवली, भुजंगप्रयात आणि शार्दूलविक्रीडितात. इथल्या भाषेला ते जमते की नाही हे विचारायचे राहून गेले. पहिल्या उपासनेत दुसऱ्याच कडव्याला पुढच्या रांगेतल्या आजीबाईंना धाप लागली, त्यांना बाहेर वाऱ्यावर न्यावे लागले. मंडळास मी कळवले की लोक गीतांनी भारावून गेले. पुढे लोकांनी शब्द तेच ठेवून त्यांना नांगरटीच्या गाण्याची चाल लावली. आता ती सगळ्यांना येतात, फक्त मला गाता येत नाहीत.

कलम ५. छत्री व रेनकोट. नळवाल्यास. आमच्या इथल्या एकूण आयुष्याचे पक्के फळ म्हणून मंडळ ज्याच्याकडे बोट दाखवते, तो हाच. बाप्तिस्म्याच्या हौदाची गळती काढायला तो आला होता. हौदात उभाच होता, मीही उत्साहात होतो, उरकून घेतले. पुढे कळले की गावातल्या इतर दोन मिशनांचे हौदही गळत होते आणि तिथेही त्याचे असेच झाले.

"अरे, मग बोलला का नाहीस?" मी विचारले.

"साहेब, तुमची एवढी इच्छा होती. नाही कशाला म्हणायचं? भिजलोच होतो तसाही."

तिन्ही मिशनांच्या अहवालांत तो आहे. त्याच्याइतका सज्जन ख्रिस्ती मी दुसरा पाहिला नाही. छत्री जपून वापरावी, तिची एक काडी वाकडी आहे.

कलम ६. इतर. सायकल पाववाल्यास, शब्दकोश शाळेतल्या बाईंस, आरामखुर्ची वरच्या गल्लीतल्या शिंप्यास, चहाची किटली दूधवालीस, भिंतीवरचे घड्याळ टपालवाल्यास (त्याला तरी वेळ कळेल). वर्गातल्या प्रत्येक बाईस एक कात्री. देण्यासारखे एवढे निघेल असे वाटले नव्हते. लिहीत गेलो तसा हात सैल झाला.

कलम ७. खजिनदार. यांस वर उल्लेखिलेला चष्मा. कारण असे. दर काही वर्षांनी रजेवर मायदेशी गेलो की चर्चोचर्ची आमचे प्रदर्शन मांडले जाई. आम्ही चौघे इथला पोशाख घालून व्यासपीठावर उभे. थोरला इथल्या भाषेत वचन म्हणायचा, टाळ्या पडायच्या. त्याची चटक तिथलीच. एकदा याच खजिनदारांनी धाकटीला माईकसमोर उचलून विचारले, "सांग बाळ, तिथल्या बिचाऱ्या लोकांची तुला कीव येते ना?"

ती म्हणाली, "नाही. त्यांनाच आमची येते. आई आजारी होती ना, तेव्हा तेच जेवण पाठवायचे. बाबांना भातसुद्धा करता येत नाही."

खजिनदारांनी तिला लगेच खाली ठेवले. पुढे बराच काळ आम्हाला खोकी आली नाहीत, आणि मंडळाचे पत्र आले: मुलीस आवरावे. मी "बरं" असे उत्तर दिले आणि आवरले नाही. तेवढा एकच "बरं" मी सत्कारणी लावला.

कलम ८. अंत्यविधी. साधा करावा. थोरल्याने बोलू नये. बोललाच तर साप वगळावा.

सही व साक्ष. सहीच्या वेळची परिस्थिती लिहून ठेवा, असे वकीलबाई म्हणाल्या आहेत, म्हणून लिहितो. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आहे. दुपार आहे, उजेड चांगला आहे. पहिले साक्षीदार शेजारचे दंतवैद्य. देव मानत नाहीत, पण वेळ पाळतात. त्यांना मी बुद्धिबळाचा पट देणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. दंतवैद्य म्हणाले, "पट राहू द्या. तसाही तुमच्याशीच खेळायचो." त्यांनी पेनाचे टोपण काढून ठेवले आहे.

खोळंबा दुसऱ्या साक्षीदाराचा. नळवाला आला आणि छत्रीमुळे परत गेला. पाळकसाहेबांना पेटी आड आली, पाववाल्याला सायकल. शिंपी म्हणाला, "खुर्ची नको, सही घ्या," पण लगेच खुर्चीकडे असे बघत राहिला की मलाच धीर झाला नाही. दंतवैद्य सोडले तर या गल्लीत मी ज्याला काहीच दिलेले नाही असा माणूस उरलेला नाही. वकीलबाई कचेरीत अडकल्या आहेत, उद्या परगावी जातात आणि पुढचा आठवडा कुणाची वाट बघत थांबत नाही. धाकटी पुढच्या खोलीत एकच शिवण उसवते आणि पुन्हा घालते आहे.

"अहो, रस्त्यावरून कुणालाही हाक मारू," दंतवैद्य म्हणाले.

एवढ्यात बेल वाजली. धाकटी उठून गेली.

"दादा? तू? आज? आणि खजिनदार कुठेत?"

"ते मागून येतायत. मी म्हटलं, त्यांच्या आधी पोचावं. बाबा जागे आहेत का?"

दंतवैद्य माझ्या कानाशी वाकले. "याला काही दिलंय तुम्ही?"

"काहीच नाही."

"मग कायद्याने चालतो की! वरचा मजकूर झाकू? साक्षीदाराने वाचलाच पाहिजे असं नाही."

"नको," मी म्हणालो. "वाचू दे. सापापासून सगळं."

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: वकीलबाई घालतील.
मृत्युपत्र करणार: सही केली आहे.
साक्षीदार पहिला: शेजारचे दंतवैद्य, सही.
साक्षीदार दुसरा: जागा मोकळी ठेवली आहे. माणूस दारात उभा राहून बूट काढतो आहे.