शेवटच्या रांगेतला कान

४ फेब्रुवारी

शेवटी फर्मान निघालं! आमचं जुनं सभागृह पाडायचं की ठेवायचं, ते नगरपालिका महिनाअखेर ठरवणार. अट एकच — माइकशिवाय रंगमंचावरचं बोलणं शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. नाहीतर तिथे वाहनतळ. शंभर वर्षांची वास्तू जाणार, चाळीस मोटारींची सोय होणार. प्रगती!

आमच्या बचाव समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब. काम कमी, ठराव फार. मी पस्तीस वर्षं शाळेत वक्तृत्व शिकवलं, म्हणून शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं काम माझ्याकडे. "बाईंचा कान म्हणजे कान!" — इति वकीलसाहेब. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अकराव्या वर्षी पहिलं भाषण मी तिथेच केलं होतं, लटपटत. ते सभागृह गेलं तर मला फार लागेल.

९ फेब्रुवारी

भिंतींवरच्या लाकडी फळ्यांना हजारो बारीक भोकं. वकीलसाहेबांनी निकाल दिला — वाळवी! समिती पुट्टी घेऊन तुटून पडली. मीही. पाच दिवस एकेक भोक बुजवत होतो. समितीतले निवृत्त दंतवैद्य गुळगुळीत भिंतीकडे डोळे भरून बघत होते. आयुष्यभरात एवढी भोकं त्यांनी बुजवली नसतील.

११ फेब्रुवारी

दरवाजे दुरुस्त करायला सुतार आला. भिंत बघून मटकन खाली बसला. "भोकं बुजवली तुम्ही?" आम्ही अभिमानाने हो म्हणालो. "अहो, मुद्दाम पाडलेली होती ती! आवाज घुमू नये म्हणून. वाळवी काय पट्टी लावून ओळीने खाते?"

वकीलसाहेबांना नेमका तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

१२ फेब्रुवारी

पहिली चाचणी. दंतवैद्य रंगमंचावरून बोलले. मागे नुसती घुं-घुं. नापास.

१७ फेब्रुवारी

भोकं उकरतोय. दंतवैद्यांनी घरून जुनी हत्यारं आणली आहेत. आज एका फळीला म्हणाले, "मोठा आ करा." सवय!

घरी सूनबाई तोंडातल्या तोंडात बोलते. परत विचारलं तर, "काही नाही, आई." हल्ली सगळ्यांनीच पुटपुटायचं ठरवलेलं दिसतंय. पस्तीस वर्षं मी काय भिंतींना शिकवलं?

२२ फेब्रुवारी

सगळी भोकं मोकळी. बोटं सोललेली. दुसरी चाचणी — आणि तरीही अस्पष्ट! मी पुन्हा नापास लिहिलं. सुतार भिंतीवरून हात फिरवत राहिला. "यापेक्षा चांगलं मला जमणार नाही, बाई."

कुणीतरी हळूच सुचवलं, पास लिहून मोकळ्या व्हा. वकीलसाहेब कडाडले — हे बरं ऐकू आलं! — "खोटा अहवाल जाणार नाही. बाईंचा शब्द शेवटचा." जन्मभर कोर्टात काढलेल्या माणसाला सत्याचा पुळका यायचा तो आत्ताच! पंचवीसला शेवटची चाचणी. मग माझ्या सहीने सभागृह जाणार. माझ्याच. घरी येऊन रडले.

२५ फेब्रुवारी

आज सूनबाई मुद्दाम सोबत आली, रांगेच्या पार टोकाला बसली. सुतार माझ्या शेजारी. दंतवैद्य रंगमंचावर खिशात हात घालून उभे, ओठ हलत होते. सुतार एकदम खो-खो हसला. टोकाला सूनबाईही हसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

सुतार हसायचा थांबला. सूनबाई उठून आली आणि तिने माझा हात धरला. घट्ट.

अहवालात लिहिलं — सभागृह पास. ऐकणारी नापास. खाली सही केली आणि रडले. आनंदाने. निदान थोडं तरी आनंदाने.