पूजेतलं पातं

कोल्हापूर,
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आक्कास धाकट्या जोतीरामचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. संयोगिताची कंबर आता बरी आहे. कागलच्या कारखान्यात माझी पाळी बदलली, त्यामुळे दुपारी घरी असतो. परड्यातल्या शेडमधलं सुऱ्या करायचं काम मात्र दिवाळीपासून बंदच आहे. ग्राइंडरवर गोणपाट टाकलंय. तुमचा ऊस गेला का? दाजींना ट्रॅक्टर चालवता येतो का आता?

हा प्रश्न मी कोणत्या तोंडानं विचारतोय, असं तू म्हणशील. चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून हे पत्र. पशुखाद्याचा टेम्पो घेऊन शिरोळला निघालेले गणपतराव दारात उभे आहेत आणि "आटपा की ओ, उशीर हुतोय!" म्हणून ओरडतायत.

आधी एक काम कर. दसऱ्याला फराळाच्या डब्याबरोबर संयोगितानं तुला एक लहान सुरी दिली होती. ती ओट्यावरून उचल, जाड फडक्यात गुंडाळ आणि कपाटात ठेव. पुढचं मग वाच.

तिनं ती दिल्याचं मला काल कळलं. तुझ्या क्रांतीचा तिच्या मामीला फोन आला होता. कौतुकानं सांगत होती, "मामाची सुरी लई भारी हाय. आई करवंटीतनं खोबरं तिनंच उचकटून काढती." फोन हिसकावून घेतला आणि म्हणालो, "ती वापरू नका गं, मला धार लावायची आहे." पोरगी हसली. "मामा, धार हाय की!" म्हणाली आणि फोन ठेवला.

संयोगितानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "खोटं बोलून सुरी माघारी आणशीला. दाजींचा डोळा कुठनं आणणार?" तिला तेव्हाच सगळं समजलं असावं. मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.

आक्का, आता लिहितो.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद घेऊन मी दोन पाती घडवली होती, दाजींचं मोठं आणि हे लहान. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दोन्ही लालभडक तापवून तेलात बुडवली. असं पाणी दिलं की पातं कडक होतं, पण काचेसारखं कडक. त्यानंतर ते दोन तास ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवावं लागतं, तेव्हा कुठे त्यात लवचीकपणा येतो. ते दुसऱ्या दिवशी करणार होतो. पण सकाळी शेडमध्ये हत्यारं पूजेला मांडली आणि हौसेनं ती दोन पातीही मधोमध ठेवली. हळद-कुंकू वाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा आपल्या आप्पांचा दंडक. नाही हलवलं.

दसऱ्याला तुम्ही सकाळी नऊलाच आलात. सोनं देताना दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय जोतीराम, पातं पूजेपुरतंच हाय काय?" थट्टाच होती. मला झोंबली. तसाच उठलो, दोन्ही पात्यांना मुठी बसवल्या आणि मोठी सुरी त्यांच्या हातात दिली. ओव्हनचं राहिलंय हे मला माहीत होतं. विसरलो नव्हतो गं. दोन तास थांबा, एवढं म्हणायला जीभ रेटली नाही.

आठ दिवसांनी दाजी ठिबकची नळी कापायला बसले आणि पातं मोडून तुकडा डोळ्यात गेला. दवाखान्यात मी काय म्हणालो, ते तुला पाठ असेल. "सुरीनं काहीतरी उचकटायला गेले असणार." आणि डोळ्यावर पट्टी बांधलेला तो माणूस म्हणाला, "व्हय, जरा पीळ बसला माझ्या हातनं. चूक माझीच." तू एकटीच म्हणालीस, "नळी कापताना पातं मोडतंय व्हय रं जोत्या?" तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, आणि तू उठून बाहेर गेलीस.

मोडकी मूठ मी त्याच दिवशी तुमच्या घरातून खिशात घालून आणली. पातं तुटलं ती कड पाहिली. तसूभरही न वाकता तुटलेलं; ओव्हनमध्ये ठेवलं असतं तर आधी वाकलं असतं. चार महिने ती माझ्या खणात होती, आता या पत्राबरोबर पाठवतोय. दाजींनी ती कुणाही जाणत्याला दाखवावी, पोलिसांत द्यावी, मी नाही म्हणणार नाही.

रविवारी मी येतो. तुमची भावकी दाजींच्या हाताला नावं ठेवते, ते माझ्या बोलण्यामुळे. त्या सगळ्यांसमोर मी सांगेन. घरात घेतलं नाहीस तर रस्त्यावर उभा राहून सांगेन.

हे पत्र दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. दवाखान्यात ते जे बोलले, ते मी बोलायला हवं होतं.

चूक माझीच.
जोत्या