देवाची कडी

२७ ऑक्टोबर, सोमवार. लातूर

सकाळी गावाहून फोन. सरपंच स्वतः. "लोहार का?" एका वर्गात, एका बाकावर बसलेला माणूस. दत्ता म्हणाला असता तर जीभ झिजली नसती.

चंपाषष्ठीला खंडोबापुढे एका हिसक्यात तोडायला लंगर लागतो. विकतची साखळी देवाला चालत नाही, ती आमच्याच घरची लागते. अण्णा गेल्यानंतरची ही पहिली यात्रा, म्हणून आता मी.

"चांगला दणकट करा. ह्या साली लंगर मी स्वतः तोडणार हाय. साहेब येणार हायेत, टीव्हीवाले हायेत." झेडपीचं तिकीट पाहिजे त्याला, आणि ते ह्या साहेबांच्या हातात.

हो म्हणालो. इतक्या गोड आवाजात की ही स्वयंपाकघरातून बघायला आली, कुणाशी बोलतोय म्हणून.

यापुढे ह्या वहीत तो नुसता स. पूर्ण नाव लिहून शाई नासवायची नाही.

२९ ऑक्टो., बुध.

लिहून ठेवतो. राग शिळा होऊ नये.

गेल्या माघात अण्णा नांदेडला दवाखान्यात. मी आणि आई त्यांच्याजवळ. तिकडे गावात देवळापुढे सभामंडप बांधायचा म्हणून स.ने आमची लोहारशाळा एका सकाळी जेसीबीने उचलली. पत्रे गेले, भाता गेला, त्याचं काही नाही. ऐरण गेली. पणज्याच्याही आधीची. भंगाराच्या टेम्पोत, फुटक्या घमेल्यांबरोबर.

अण्णा घरी आले आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. पायाने माती उकरून बघत होते.  पुढे तापात विचारायचे, "दत्तू, ऐरण झाकलास का? दव पडायलंय." मी म्हणायचो, झाकली. वैशाखात गेले.

मंडपात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. फरशीवाला, रंगवाला, पंखे देणारा, सगळ्यांची नावं बापाच्या नावासकट. सगळ्यात खाली: लंगर सेवा – लोहार. बस. अण्णांचं नाव काशिनाथ होतं.

२ नोव्हेंबर, रवि.

अश्विनीचा फोन, नांदेडहून. कॉलेजात प्रत्येकाने आपापल्या आडनावावर लिहायचंय. "बाबा, आपलं आडनाव कुठून आलं?"

कुठून येणार. लोखंडातून.

मग अण्णांनी सांगितलेलं सांगितलं. गावात पूर्वी लोहार नव्हता. नांगराचा फाळ बोथट झाला की धार लावायला चार गावं तुडवत जायचं, तोवर ओल उडून जायची. शेवटी पाटलाने कंधारकडे बैलगाडी पाठवली आणि आमचा मूळपुरुष आणला. बायकापोरं गाडीमागून चालत आली. गाडीत ऐरण बसली होती. पाटलाने देवळाशेजारी जागा दिली, आणि आमच्या माणसाने पहिलं काम केलं ते देवाचा लंगर. तो पाटील म्हणजे स.चाच खापरपणजा. ज्याने गाडीतून आणलं त्याच्याच वंशाने टेम्पोतून घालवलं.

अश्विनी म्हणाली, काका पांचाळ लावतो, आपणही लावू या का? म्हटलं, लाव की, कोण अडवतंय. पण एक बघ. पाटील हेही कामच होतं, कुलकर्णी हेही कामच. त्यांची कामं गेली, रुबाब राहिला. आपल्याला मात्र कामावरून हाक मारतात ती काम काढून घेतल्यावरही.

"हे लिहू का, बाबा?"

लिही म्हटलं. रागाने आवाज चढला होता माझा.

५ नोव्हें., बुध.

आईला सांगितलं, ह्या साली स. तोडणार. ती तांदूळ निवडत होती. "आन् मल्हारीबाबा?"

मल्हारीबाबा आमच्या गावचे वाघ्ये, खंडोबाला वाहिलेले. अण्णांचे दोस्त. लंगर तोडायचा मान त्यांच्या घराचा. स.ने त्यांना म्हणे सांगितलं, बाबा तुमचं वय झालं, आता आराम करा. म्हणजे लोहाराची जागा घेतली, वाघ्याचा मान घेतला. उद्या देवाला म्हणेल, सरक जरा.

आईने सूप खाली ठेवलं. "लंगर कर तू. चांगला कर."

कसा चांगला, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

७ नोव्हें., शुक्र.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्या कपाटात असते.

लंगर एका हिसक्यात तुटतो तो कसा, हे गावात आमच्या घराशिवाय कुणाला ठाऊक नाही. सगळ्या कड्या भट्टीत लाल करून, तोंडाला तोंड भिडवून, घणाने एकजीव करायच्या. एक सोडून. ती गार वाकवायची. तिची तोंडं नुसती टेकवायची, सांधायची नाहीत. वरून भंडाऱ्याचा लेप बसला की डोळ्याला काही दिसत नाही. हिला देवाची कडी म्हणतात.

लहानपणी मी अण्णांना म्हणालो होतो, ही तर फसवणूक झाली. चिडले नाहीत. म्हणाले, "तोडतो देवच. आपण त्याला बोट घालायला जागा ठेवायची. माणसाच्या कामात तेवढी जागा पाहिजे बाबा."

आणि गार कडी असली तरी ओढणाऱ्याच्या अंगात जोर लागतो, हिसका बरोबर लागतो. भल्याभल्यांचे खांदे निखळलेत.

ह्या साली जागा ठेवणार नाही. प्रत्येक कडीला वेल्डिंगचा डाग. ओढ म्हणावं, साहेबांपुढे, टीव्हीपुढे. हत्ती लावला तरी तुटायचा नाही.

किती दिवसांनी भूक लागली आज.

९ नोव्हें., रवि.

लंगराला हात घातला, इथे माझ्या वेल्डिंगच्या दुकानात. रवि म्हणजे खंडोबाचा वार. उपास, पायात चप्पल नाही. एक गिऱ्हाईक गेटचं माप द्यायला आलं, मला अनवाणी बघून म्हणालं, "काय मिस्त्री, नवस का?"

नवसच म्हणा.

इथे भाता नाही, ब्लोअर आहे. तरी आई येऊन बसली. जन्मभर तिने भाता ओढला, अण्णांच्या समोर उभं राहून घण मारला. ब्लोअरचं बटण दाबून ठेवायला काही लागत नाही, पण तिने बोट उचललं नाही.

१६ नोव्हें., रवि.

शेवटच्या कड्या. देवाची कडी आली. सळई गार वाकवली, तोंडं टेकवली. मग काच तोंडावर धरली आणि डाग दिला. ग्राइंडर मारून गुळगुळीत केला. बोट फिरवून बघितलं, कळत नाही.

मागे आई उभी. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर अण्णांची शपथ घालेल.

"आतल्या अंगानं बी घाल एक डाग," म्हणाली. "त्याचा दंड लई जाड हाय."

घातला.

२० नोव्हें., गुरु. अमावस्या

आज लोखंडाला हात नाही. बसून काढला दिवस. डोळ्यापुढे एकच चित्र. स. फेटा बांधून उभा, लंगर खांबाला, ताशा वाजायलाय. पहिला हिसका. काही नाही. दुसरा. लोक गप्प. मग मागून कुणीतरी खिदळतं. लंगर तुटला नाही की गावाला साल वाईट जातं म्हणतात, आणि ओढणाऱ्यापुरता एकच अर्थ: त्याच्या भक्तीत खोट. जन्मभर पुसायची नाही ती गोष्ट. त्याच्या नातवाच्या लग्नातही काढतील.

ही म्हणाली, कशाला हसताय एकटेच?

२१ नोव्हें., शुक्र.

मुखेडपर्यंत एसटी, पुढे जीप. चंपाषष्ठीच्या नवरात्रात देव बसायच्या दिवशी लंगर देवळात जातो. एकदा भंडारा लागला की तोडेपर्यंत वाघ्याशिवाय कुणी शिवायचं नाही. पोचवला, पाया पडलो, परत निघालो. मंडपाच्या पाटीकडे बघितलं नाही. बघितलं, खोटं कशाला लिहू. तशीच आहे.

२३ नोव्हें., रवि.

घात झाला.

स.चा फोन. आवाजात तूप. "लोहार, लंगर झ्याक झालाय. एक सांगायचं ऱ्हायलं. साहेब म्हणले, मान ज्याचा त्याला द्या, म्हाताऱ्याच्या हातानं तोडा, तुम्ही बाजूला हात जोडून हुभं ऱ्हावा. फोटो चांगला येतो. तवा मल्हारीबाबाच तोडणार."

वा. मोठ्या मनाचा माणूस. नेमका आताच मोठा व्हायचा होता.

आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवली नाही.

ज्या म्हाताऱ्याने अण्णांना खांदा दिला, त्याच्या हातात मी न तुटणारा लंगर दिला आहे. ज्या दिवशी त्यांचा मान परत आला त्याच दिवशी त्यांच्या भक्तीत खोट निघणार. आणि स. बाजूला हात जोडून उभा.

२४ नोव्हें., सोम. गाव

आज रजा टाकल्यासारखं दुकान बंद केलं आणि आलो. मल्हारीबाबांकडे उतरलो.

आधी स.कडे गेलो. ठरवून गेलो होतो, की फुगवायचं. म्हटलं, दादा, तुम्हीच तोडा, अण्णांची फार इच्छा होती.  तो खूश झाला, चहा सांगितला, पण साहेबांचा शब्द मोडवत नाही म्हणाला.

निघताना राहवलं नाही. विचारलं, "दादा, आमची ऐरण कुठल्या भंगारवाल्याला दिलात?"

"कसली ऐरण?"

नाटक करत नव्हता. खरंच आठवत नव्हतं त्याला. बशीतला चहा फुंकत माझ्याकडे बघत होता, काहीतरी छोटंमोठं हरवलंय ह्याचं, अशा नजरेने.

मी वर्षभर ज्याच्यावर जळतोय त्याच्या गावीही नाही. ह्याच्यासाठी आता दोन लंगर कमी पडतील.

२५ नोव्हें., मंगळ.

संध्याकाळी मल्हारीबाबा देवळातून आले. लंगराला रोजचा भंडारा लावायचं काम त्यांचंच. हातपाय धुतले, ओट्यावर बसले. हळदीने पिवळी झालेली बोटं माझ्यापुढे धरली.

"दत्तू, समद्या कड्या एकसारख्याच लागायल्यात रे बोटाला."

 म्हणजे त्यांना ठाऊक होतं. किती वर्षांपासून, देव जाणे.

"तुझ्या बापाची कडी मला हाताला कळायची. त्यानं कधी सांगितलं न्हाई, म्या कधी इचारलं न्हाई." मग, "कुणासाठी केलास हा?"

सांगितलं. ऐरण, पाटी, चहाची बशी, सगळं. ते तंबाखू मळत ऐकत होते. मला वाटलं, शिव्या देतील. म्हटलं, बाबा, आत्ता करवत आणतो, कुणी नसताना कडी कापून ठेवतो.

"देव बसलाय. आता लोखंड लावायचं न्हाई त्याला. तू लोहार हायस, तुला सांगाया पाहिजे का?"

नाही. मला सांगायची गरज नव्हती.

मग म्हणाले, "ऐक. उद्या भंडारा उधळला की लंगर माझ्या हातात येतो. तवा म्या तुझ्याकडं बघतो. तू मान हलवलास तर म्हणतो, आज मान पाटलाच्या घरचा, दादा, धरा. समद्यांपुढं. साहेबांपुढं. त्याला न्हाई म्हणता येणार न्हाई. काशिनाथच्या नावानं देतो त्याच्या हातात. न्हाई हलवलास तर म्या वढतो."

म्हटलं, "अन् तो तुटणार नाहीच, मग?"

"म्हणू दे की म्हाताऱ्याची भक्ती आटली. मला काय आता पोरी उजवायच्यात?"

"आणि गावाला साल वाईट जातं म्हणतात त्याचं?"

 त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

त्याच्या हातात दिला काय, ह्यांच्या हातात राहिला काय, लंगर तुटणार नाहीच. गावाचं साल मी दोन्हीकडून नासवलंय. राहिलंय ते एवढंच, की खोट कुणाच्या नावावर घालायची.

२६ नोव्हें., बुध. चंपाषष्ठी

सकाळ. अंघोळ झाली. देवळाकडे ताशा लागलाय, साहेबांच्या गाड्या आल्या.

आईचा फोन. नुसतं म्हणाली, "बाबाच्या दंडाला तेल लावलास का?" लावलं. काठीसारखा दंड. स.चा दंड डोळ्यापुढे आला.

ऐरण मनात येते की मान आपोआप खाली जाते, हलवल्यासारखी. मग अण्णांचं ते वाक्य येतं, जागा ठेवायची म्हणून. मी ती ठेवली नाही, आणि आता तीच शोधतोय.

मल्हारीबाबांनी दोनदा विचारलं, "आत्ताच सांग की, म्हंजे मला ठरवाया बरं." म्हटलं, तिथंच बघा.

आत्ता अश्विनीचा फोन येऊन गेला. आडनावाचं लिहून झालंय तिचं, सर आज मागतायत, फक्त शेवट राहिलाय. "बाबा, शेवटाला काय लिहू? आपण लोहार म्हणजे कोण?"

म्हटलं, दुपारी सांगतो.

बाबा दारात अनवाणी उभे आहेत. निघतो.