चिंध्यांच्या पुस्तकातलं घर

माय,

आज ७ डिसेंबर १९५८, रविवार, सकाळचे आठ वाजले आहेत. बालवाडीचं चित्रांचं पुस्तक धुऊन कुंपणावर वाळत घातलं आहे, आणि शेळीनं तोंड लावू नये म्हणून मी शेजारी बसलो आहे. पुस्तक कापडाचं आहे. दुकानातल्या पुस्तकांत मुलं बूट घालून बागेत चेंडू खेळतात. आमच्या मुलांना त्यांत ओळखीचं कोणी सापडत नाही. म्हणून जुन्या धोतरांची पानं केली आणि रंगीत चिंध्यांची चित्रं त्यांवर शिवली. टाका तूच शिकवलेला.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच साली माझी शाळा सुटली. तरी आज गावातली लहान मुलं मला गुरुजी म्हणतात, आणि हे तुला सांगताना मला संकोच वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्या वस्तीनं बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि वस्तीतली मुलं बालवाडीत येऊ लागली. पण येऊन बसायची ती दारापाशी. कोणी सांगितलं नव्हतं. घरूनच शिकून आली होती. मी पुस्तक पोत्याएवढं मोठं केलं आणि सगळ्यांना मिळून एकच केलं. मधोमध अंथरलं की पाहण्यासाठी सगळ्यांना भोवती यावंच लागे, गुडघ्याला गुडघा लागे. वाण्याच्या बायकोनं एकदा खिडकीतून ते पाहिलं. आता ती आपल्या मुलाला उठवून नेईल असं मला वाटलं. ती नुसतं "हं" म्हणाली आणि मुलाला न घेताच गेली.

पुस्तकात आपलंच गाव होतं. मारुतीचं देऊळ, चावडी, वाण्याचं दुकान, कापसाची बैलगाडी, आणि शेवटी नाला. एक दिवस वस्तीतल्या पाच वर्षांच्या पोरीनं सगळी पानं उलटून पाहिली, मग पहिल्यापासून पुन्हा पाहिली.

"गुरुजी, आमचं घर काऊन नाई याच्यात?"

मी म्हणालो, "जागा पुरली नाई."

"बैलाले बरी पुरली."

ती उठली आणि जाऊन दारापाशी बसली. माय, मी स्वतः नाल्यापलीकडच्या आपल्या वस्तीतला. एकेक टाका दोनदा तपासणारा मी, गाव शिवायला बसलो आणि नाल्याशी येऊन थांबलो, जणू गाव तिथंच संपतं. दुसऱ्या दिवशीही ती दारापाशीच बसली. तिसऱ्या दिवशी वस्तीतली आणखी दोघं तिच्याजवळ जाऊन बसली. सगळी पुन्हा दाराकडे सरकली असती तर ते पुस्तक काय कामाचं?

वाण्याच्या बायकोलाही हे कळलं. "शेवटी एक पान लावून दे ना," ती म्हणाली, "त्यात काय हाय?" मलाही तेच सोपं वाटलं. नवं पान तयार केलं, सुई ओवली, आणि तू आठवलीस. मी आठ वर्षांचा आहे. जिनिंगच्या कारखान्यातून आलेली तू, केसांत कापूस, अंगणात वाकळ पसरून बसली आहेस. मी नवा तुकडा कडेला जोडतो आणि तू माझ्या हातावर चापट मारतेस. "काठाले लावलेला तुकडा पह्यले फाटते रे. मधात घाल. चारी बाजूनं धरून राह्यते."

मी सगळं पुस्तक उसवलं. आपल्या वस्तीतल्या घराचं पान मधे, दुकानाच्या पानासमोर घातलं. आता पुस्तक मिटलं की आपलं घर वाण्याच्या दुकानाला जाऊन टेकतं. वाणी पोराला काढून नेईल, मग इतरही नेतील, असं शिवताना सारखं वाटत होतं.

पुढच्या सोमवारी पुस्तक उघडलं. घराला दार म्हणून एक निळा तुकडा एकाच कडेनं शिवला आहे, तो उचलता येतो. वाण्याच्याच पोरानं त्यावर बोटानं टकटक केली.

"कोन हाय घरात?"

दाराकडून त्या पोरीचा आवाज आला, "मी हाय."

"आत येऊ का?"

ती उठली, पोरांमधून वाट काढत आली आणि पुस्तकाशी मांडी घालून बसली. "ये," म्हणाली, "पण पाय धुवून ये."

पोरगं खरंच उठून रांजणाकडे गेलं. सगळी हसत सुटली, खिडकीतली त्याची आईसुद्धा. त्या दिवसापासून दारापाशी कोणी बसत नाही. हे मी केलं, माय. तुझ्या पोरानं केलं.

या पत्रावर पत्ता घालायला जागा नाही. ऊन वर आलं की घडी करून तुझ्या सुईच्या डबीत ठेवीन. एक सांगायचं राहिलं. ते निळं दार तुझ्या लुगड्याच्या पदराचं आहे, माझ्या उशाखाली होता तो शेवटचा तुकडा. मुलांच्या बोटांनी तो काळा झाला आहे. आज सगळं पुस्तक साबणानं घासलं. फक्त त्या दाराला साबण लावला नाही, ती बोटं राहू दिली.